नवरदेवाच्या घोडीवरची नणंद

वहिनी, परवा तुझी तेरवी झाली आणि काल भाऊनं सांगितलं की तो बिजलीला देऊन टाकणार. देवरीकडं तुझा मामेभाऊ आहे ना, त्याच्याकडं. निरोपही धाडून झाला. बाजाराच्या दिवशी माणूस येईल आणि घोडी सोडून नेईल. मी कारण विचारलं तर म्हणाला, "मले तिच्याकडे पाहवत नाही." बस, एवढंच. तुझा नवरा बोलण्यात किती कंजूष आहे, हे मी तुला काय सांगू.

आता मी काय करायचं? इतकी वर्षं या घरात मला कुणाशी भांडायचं असलं की मी तुला पुढं करायची. भांडायचीस तू, जिंकायची मी. मायशी, भाऊशी, गावाशी, सगळ्यांशी माझी भांडणं तू भांडलीस. आणि नेमकी बिजलीवरून भांडायची वेळ आली तर तू नाहीस. राग येतो तुझा. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण तुझ्यामाझ्यात असल्या रीतीभाती कधी नव्हत्या.

तेरवीला बायका जमल्या होत्या. त्या तुझ्याबद्दल जे बोलत होत्या ते ऐकलं असतंस तर ताटावरून उठली असतीस. ‘फार सोशिक होती बिचारी.’ सोशिक! ‘कधी आवाज चढवला नाही.’ तुझा आवाज आपल्या कामठा गावाच्या या टोकाला चढला की त्या टोकाच्या कोंबड्या बिचकायच्या. मला हसू आवरेना. तोंडावर पदर घेऊन हसले, तर बायकांना वाटलं मी रडते आहे, आणि त्या माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या. मग मात्र खरंच रडू आलं.

स्वराज्य आलं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तू लग्न होऊन आलीस. गोंदियाची, शहरातली मुलगी. बाप टांगेवाला, दारी वरातीच्या घोड्या, बोलणं अर्धं हिंदीत. आमचं घर धानाचं आणि बैलांचं. तू घरात पाऊल टाकलंस आणि दारापुढच्या सपरीच्या खांबाशी तुला मी दिसले. मायच्या जुन्या लुगड्यानं मला खांबाला बांधलेलं होतं, एक वेढा छातीखालून, एक कमरेवरून. मी जन्मले तेव्हा रडले नव्हते, निळी पडले होते म्हणे. अंगावरून वारं गेलं, असं सगळे म्हणायचे. पाय कडक, कैचीसारखे एकात एक अडकलेले. हात छातीशी आखडलेले, आणि काही धरायला गेलं की भलतीकडंच उडायचे. सुटी बसवली की मी एका अंगाला कलंडायची. म्हणून जेवायचं असो की नुसतं अंगणाकडं पाहायचं असो, मला बांधूनच बसवायचे. यात कुणाचा दुष्टावा नव्हता. मायनं ते लुगडं चांगलं मऊ पाहून निवडलं होतं.

तू विचारलंस, "हिले काऊन बांधलं?"

माय म्हणाली, "नाही बांधलं त पडते."

"अना बांधल्यानं उठते का?"

अंगावरची हळद उतरली नव्हती आणि सासूशी हे बोलणं! मायचा चेहरा पाहण्यासारखा झाला. भाऊ आपल्या पायांकडं पाहत राहिला. मला मात्र तू तिथंच आवडलीस.

तुझे वडील गेले आणि काही दिवसांनी बिजली आली. गोंदियात सायकलरिक्षा वाढल्या होत्या, टांग्यांना पूर्वीची सवारी मिळेना. टांगा विकला, बाकीच्या घोड्या विकल्या, बिजलीला मात्र तू विकू दिलं नाहीस. नाव बिजली, पण आख्ख्या कामठ्यात तिच्याहून संथ जनावर नव्हतं. वरातीत पाऊल पाऊल चालायची सवय. मागं बँड, पुढं नाचणारी पोरं, डोक्यावर फटाके, तरी ती कान हलवायची नाही. माय म्हणाली, दूध देत नाही, नांगर ओढत नाही, हिचं करायचं काय? तू माझ्याकडं बोट दाखवून म्हणालीस, "कौसाबाईले हिच्यावर बसवीन."

सगळ्यांना वाटलं तू थट्टा करतेस. तू मात्र बापाच्या तबेल्यात पाहिलेलं काहीतरी डोक्यात घेऊन बसली होतीस. "आमच्या बिजलीवर किती नवरदेव बसले," तू मायला समजावलंस, "त्यातले अर्धे पिऊन. भुईवर उभं राहता येत नाही, अना घोडीवर बसवलं का ताठ! घोडी चालते ना, त मानसाची कंबर आपोआप हालते. कंबर सावरली का बाकी सारं सावरते. पिलेल्याले सावरते, त आपल्या कौशीले काऊन नाही सावरनार?"

"माही पोट्टी का दारुडी हाय?" माय कडाडली.

आठवतंय? मी हसता हसता खांबावरून घसरले होते, बांधलेली असून.

भाऊनं तुझ्यासाठी एवढं केलं की मला बैलांच्या खाचरात घालून गोंदियाच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर भला माणूस होता. त्यानं माझे पाय हळूच ओढून पाहिले, गुडघे दुमडून पाहिले, आणि सरळ सांगितलं की यावर आपल्याकडं औषध नाही. घोडीचं ऐकून तो हसला नाही. थोडा विचार करून म्हणाला, पाय फाकवून बसली तर आखडलेलं सैल पडेल, पाठीलाही काम मिळेल, बसवून पाहा, पण दोन्ही बाजूंनी धरा. परतताना वाटेत जो भेटेल त्याला तू सांगत सुटलीस की डॉक्टरसाहेबांनी घोडी लिहून दिली.

पहिल्या दिवशी मी किंचाळले होते. तू खोगीर घातलं नव्हतंस, नुसती घोंगडीची घडी आणि वरून तंगाचा पट्टा. खोगीर घातलं तर घोडीची ऊब लागत नाही, असं तुझं म्हणणं. माझे पाय एकमेकांना सोडायला तयार नव्हते. तू जबरदस्ती केली नाहीस. मला बिजलीच्या पाठीवर आडवी, पालथी घातलीस आणि गोंदियाच्या गमती सांगत उभी राहिलीस. तिच्या अंगाची ऊब माझ्या पोटात उतरली, मग मांड्यांत उतरली, आणि कधीतरी पाय आपोआप अलग झाले. मग तू मला सरळ बसवलंस, माझ्या कमरेमागं हात घातलास आणि जिभेनं टॉक केलंस.

इथलं मी तुला कधी नीट सांगितलं नाही. मी जन्मात चालले नव्हते. चालताना माणसाच्या कमरेत काय होतं, मला ठाऊकच नव्हतं. बिजलीनं पाऊल टाकलं तशी माझी एक बाजू वर गेली, पुढं सरकली, खाली आली. मग दुसरी. पाय घोडीचे होते, पण चालत मी होते. सगळं गाव हे रोज करतं आणि कुणी त्याचं नावही काढत नाही, याचं मला नवल वाटलं. मला इतका आनंद झाला की तोंडातून लाळ गळायला लागली, आणि तुला वाटलं मला भोवळ आली. तू घाबरून घोडी थांबवलीस. मी थांबवू नको म्हणत होते, पण माझं बोलणं तेव्हा मायशिवाय कुणालाच कळायचं नाही.

गावात व्हायचं ते झालं. "नवरदेवाच्या घोडीवर पोट्टी बसून राहिली!" "अना घोडी कोन धरते, त घरची सून!" भाऊ तेवढ्या वेळात बांधावर निघून जायचा. त्याला घोडीची लाज नव्हती, लोकांच्या बोलण्याची होती. म्हणून तू तलावाची पाळ निवडलीस. तिथली माती मऊ, पळसाची सावली, आणि सकाळी सकाळी तिथं गुरांशिवाय कुणी नसायचं. पावसाळाभर आपण पाळीवरून येरझाऱ्या घातल्या. मी पडत नव्हते, पण तुझा हात काढला की कलंडत होतेच. तुझा धीर सुटत चालला होता. मला तुझ्या हातावरून कळायचं.

आणि दसरा आला. बिजलीची एक खोड आपल्याला कुणालाच आठवली नव्हती, तुलासुद्धा नाही. वरात मांडवाच्या दाराशी पोचली की घोडी थांबवायची, आतून एखादी बाई भिजवलेले चणे आणून तिच्या तोंडाशी धरणार, मग पुढं जायचं, अशी तुझ्या वडिलांनी तिला सवय लावलेली. बिजलीच्या डोक्यात ते पक्कं बसलं होतं. तोरण दिसलं की थांबायचं, आणि चणे मिळाल्याशिवाय हलायचं नाही. त्या दिवशी गल्लीत दारोदार तोरणं होती, झेंडूची, आंब्याच्या पानांची, कुठं नव्या धानाच्या लोंब्यांची. बिजली पहिल्याच दारात उभी राहिली.

तू लगाम ओढलास, तिला गोंजारलंस, शिव्या दिल्यास, मराठी संपल्यावर हिंदीत दिल्यास. ती ढिम्म. आतून म्हातारी बाहेर आली.

"काय वं, आमच्या घरी वरात कायले आनली? आमच्या इथं नवरी नाही."

"चणे आन वो बाई," तू म्हणालीस, "नाही त आमचा मुक्काम इथंच."

म्हातारीनं चणे आणले. बिजली पुढच्या दारापर्यंत गेली आणि पुन्हा थांबली. गल्ली संपेपर्यंत निम्म्या गावच्या बायका बाहेर आल्या होत्या, कुणी चणे घेऊन, कुणी नुसतीच खिदळत. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. तुझं मात्र बायकांकडं लक्षच नव्हतं. तू माझ्या पाठीकडं पाहत होतीस. घोडी थांबली की मी पुढं जायची, घोडी निघाली की मागं जायची, आणि दर वेळी माझी पाठ मला परत मधोमध आणत होती. कुणाच्या हाताशिवाय. पाळीवरच्या सरळ चालीत तिला हे काम कधी पडलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तू पाळीवरच्या पळसांना तोरणं बांधलीस. ओटीत भिजवलेले चणे घेतलेस आणि दर पळसापाशी स्वतःच वधूकडची बाई झालीस. माय धुणं घेऊन घाटावर निघाली होती, ती बघतच राहिली. "आता झाडायचं लगन लावून राहिली का?" तू म्हणालीस, "हो माय, पळसाची बाजू भारी आहे, मानपान सांभाळा."

सगळ्यात आधी माझा आवाज सुटला. कुणालाच ते अपेक्षित नव्हतं. पाठ सरळ राहायला लागली तसा छातीत श्वास मावायला लागला, आणि एका सकाळी घाटावर मायची पाठ दिसली म्हणून मी हाक मारली. "माय!" ती हाक पाण्यावरून गेली. माय हातातलं लुगडं तसंच धरून उभी राहिली, चारी बाजूंना पाहायला लागली. तिला माझा आवाज ओळखू आला नाही, वहिनी. तिनं तो कधी दुरून ऐकलाच नव्हता.

तरी भीती ती भीतीच. रात्री जेवताना माय म्हणाली, "आवाज आला, बरं झालं. पन पोट्टी पडली त हातपाय मोडून घेईल. मंडईची जत्रा येईपर्यंत पाहतो मी. तिथून पुढं घोडी ठेवायची का नाही, ते मी ठरवीन." भाऊनं मान हलवली. तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला. घोडी गेली तर माझा खांब मला ठाऊक होता.

तुझा एक दुर्गुण आज बोलून घेते. तुला दाखवायची हौस फार. दिवाळीनंतर मंडई भरली, गावोगावचे पाहुणे आले, आणि तू मला बिजलीवर बसवून थेट मंडईच्या कडेनं नेलंस. मी नको नको म्हणत होते, पडले तर घोडी जाईल असं म्हणत होते. तोरणं कुठं नाहीत, हे तू पाहून ठेवलं होतंस. दंडारीच्या नाचगाण्याचं तुझ्या मनात आलं नाही. दंडारवाल्यांनी ढोलकीवर थाप मारली, आणि इतक्या वर्षांनी ढोलकी ऐकून बिजलीला वाटलं की वरात निघाली. ती नाचायला लागली. एकदा हा पाय, एकदा तो पाय, मान वाकडी करून, ऐटीत. लोकांनी टाळ्या पिटल्या. मी थोडा वेळ टिकले. मग तिच्या खांद्यावरून खाली आले ते सरळ रस्त्यावर.

माय पाहुण्यांच्या घोळक्यातून धावत आली. "पडली ना! पडली ना पोट्टी! झालं तुमचं समाधान?" सगळे घाबरले होते आणि तू माझे तळहात उलटे करून पाहत होतीस. ते सोलले होते, रक्त येत होतं, आणि तू हसत होतीस. "माय, हिचे हात पाहा! हात पाहा आधी!" लोकांना वाटलं सून खुळी झाली. मलाही त्या वेळी कळलं नाही. त्याआधी मी जितक्यांदा पडले तितक्यांदा तोंडावर पडले, हनुवटीवर नि कपाळावर त्याच्या खुणा अजून आहेत. हात छातीशी चिकटून राहायचे. या वेळी ते पुढं आले होते. मी बोलावले नव्हते, आपले आपण आले होते. लोकांनी पडणं पाहिलं, तू हात पाहिलेस.

मायनं काही ऐकून घेतलं नाही. घोडी विकायची ठरली, आणि मी परत खांबाला. तू चार दिवस कुणाशी बोलली नाहीस. घर इतकं शांत मी कधी पाहिलं नव्हतं.

मग ती तणसाची दुपार. मळणी होऊन अंगणात धानाच्या तणसाचा, मऊ पेंढ्याचा ढीग पडला होता. तू आलीस, खांबाचं लुगडं सोडलंस, मला ढिगाच्या कडेला बसवलंस आणि मायला हाक मारलीस. माय ओले हात पुसत बाहेर आली, आणि तिच्या डोळ्यांसमोर तू मला ढकललंस.

मायनं तुझ्यावर हात उगारला. तू तिच्याकडं पाहिलंही नाहीस. मला उठवलंस, दुसऱ्या बाजूनं ढकललंस. मी हातांवर पडले. पुन्हा ढकललंस, पुन्हा हातांवर. मला हसू फुटलं होतं, नाकातोंडात तणस. मायचा उगारलेला हात तसाच राहिला. मग ती माझ्यापुढं येऊन बसली आणि तिनं बोटांच्या टोकांनी मला हळूच लोटलं. तुळशीला हात लावावा तसं. माझे हात पुढं आले. तिनं पुन्हा लोटलं, थोडं जोरानं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि लोटणं चालू होतं. "किती लोटू वं तुले? किती लोटू?" मी म्हणाले, आणखी.

भाऊ शेतावरून आला तर त्याची माय आणि त्याची बायको मिळून त्याच्या बहिणीला तणसात पाडत होत्या. "काय करून राहिले तुमी?" त्यानं विचारलं. मायनं नाक पुसलं नि म्हणाली, "घोडी राहू दे." खांबाच्या त्या लुगड्यानं पुढं तू बिजलीचं अंग पुसायचीस.

त्यानंतरचं सगळं चांगलंच झालं असं मी लिहिणार नाही, तू कान धरशील. मी आजही दोन काठ्यांवर तिरपी तिरपी चालते. घाईत बोलले की शब्द अडकतात. पण मी सुटी बसते. बसता आलं म्हणून हात मोकळे झाले, हात मोकळे झाले म्हणून तांदूळ निवडता आले, आणि मग तू पाटी आणलीस. तुझी चौथीपर्यंतची सगळी विद्या तू माझ्यात ओतलीस. हे वाकडंतिकडं लिहिते आहे, ते तुझंच अक्षर आहे. मध्ये आपला जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला. राज्य बदललं, बिजलीची चाल बदलली नाही.

लोक यायला लागले. तापानंतर एक अंग लुळं पडलेला नांगऱ्या आला, मान न धरणारी लेकरं आली. सगळ्यांना गुण आला नाही. काहींना थोडा आला, काही दोन फेऱ्यांनंतर परत फिरकले नाहीत, आणि तू त्यांची वाट पाहत पाळीवर उभी राहायचीस. तुला मूल नाही, हे गावानं तुला इतक्यांदा सांगितलं की जसं काही तुला ठाऊकच नव्हतं. तू म्हणायचीस, "माझ्या अंगावर किती लेकरं चढतात-उतरतात, मोजा अना मंग बोला."

आपली दोन भांडणं अर्धवट राहिली. पहिलं जुनं. मी म्हणायची, मला घोडीनं उभं केलं. तू म्हणायचीस, घोडी तर नवरदेवांनाही घेऊन फिरली, त्यातला एक तरी सुधारला का? तुझं तूच केलंस. मी घोडीचं नाव घ्यायची, तू माझं, आणि तिसरं नाव मी कधी घेतलं नाही. ते इतकं उघड होतं की बोलायचं राहून गेलं. आता बोलते. वहिनी, तू. तू केलंस.

दुसरं भांडण लगामाचं. तू म्हणायचीस, आता घोडी तू धर. मी म्हणायची, माझ्या हाताला झटके येतात, ती बिचकेल. तू म्हणायचीस, "जी फटाक्याले नाही बिचकली ते तुझ्या हाताले बिचकते का?" मी म्हणायची, मला दोन काठ्या लागतात, तिसरा हात कुठून आणू? तू म्हणायचीस, ते तुझं तू पाहा. पुढच्या उन्हाळ्यात पाहू, असं म्हणून मी दर उन्हाळा टाळला.

तुला ताप भरला आणि खाचरात घालून गोंदियाला न्यायला निघाले, तेव्हा मी चाकापाशी उभी होते. मला वाटलं तू काहीतरी बोलशील, माझ्यासाठी म्हणून. तू म्हणालीस, "बिजलीले फिरवून आन. उभी राहिली का आखडते." बैल निघाले. तुझं शेवटचं बोलणं घोडीबद्दल होतं, म्हणून मी आधी खूप रडले. मग फार उशिरा लक्षात आलं की तू कुणाला सांगत होतीस.

आणि आज सकाळी बोदलकशाकडची बाई आली. तिथल्या तलावावर मासे धरणाऱ्याची बायको, कडेवर सात-आठ वर्षांची पोरगी. तूच तिला धानाचं रोवणं झाल्यावर ये म्हणून सांगितलं होतंस. तिला काही ठाऊक नव्हतं. "घोडीवाली बाई कोठी हाय?" तिनं विचारलं. भाऊ म्हणाला, "गेली." ती बाई पोरीला वर सरकवून म्हणाली, "मंग आमी जातो."

"पोट्टीले पानी तरी पाजा," माय आतून ओरडली. मी पाणी दिलं. पोरीची मान एका जागी राहत नव्हती, अर्धं पाणी गळ्यावरून उतरलं. ते पाणी गळ्यावर कसं थंड लागतं, मला ठाऊक आहे. मी गोठ्यात गेले.

एक काठी भिंतीला टेकवली आणि त्या हातात लगाम घेतला. खांदा बिजलीच्या मानेला टेकला. तो तिसरा हात होता, वहिनी. तिथं इतकी वर्षं घोडीची मान होती आणि मला दिसली नाही. हाताला झटका आलाच. तिनं एक कान वळवला, बस.

भाऊ दारात आडवा उभा. "तू पडशील."

"पडीन."

"बाजाराच्या दिवशी मानूस येऊन राहिला."

"येऊ दे. चहा पाज अना परत लाव."

माझा आवाज चढला होता. गल्लीतल्या कोंबड्यांचं मला माहीत नाही, पण भाऊ बाजूला झाला. त्यानंच पोरीला उचलून पाठीवर बसवलं. मला वाटलं आता तो बांधावर निघून जाईल. तो घोडीच्या पलीकडच्या अंगाला गेला आणि त्यानं पोरीच्या कमरेमागं हात घातला. तू उभी राहायचीस तिथं. तुझ्या हयातीत तो तिथं एकदाही उभा राहिला नाही, हे तू मला कित्येकदा सांगून रडली आहेस. आज होता. गल्लीतून गेलो, लोक दारात आले, आणि तो रडत रडत चालत होता, उघड्या तोंडानं, कुणाकडं न पाहता.

पाळीवर पोहोचलो. पोरगी आधी ओरडली, मग गप्प झाली, मग तिची मान एवढीशी, अगदी एवढीशी, थांबायला लागली. तिची आई मागून येत होती, तिनं पदर तोंडात धरला. भाऊ म्हणाला, "देवरीले निरोप धाडतो. नोको येऊ म्हनून." मी मान हलवली. बोलले असते तर लगाम सुटला असता.

फेरी पूर्ण झाली. बिजली थांबली. भाऊ माझ्याकडं पाहायला लागला, मी भाऊकडं. वर्षानुवर्षं सगळ्यांना तूच उतरवायचीस. आखडलेलं अंग पाठीवरून कसं सोडवायचं, आधी पाय की आधी पाठ, हात कुठं लावायचा, आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. पोरगी वरून आमच्याकडं पाहत होती आणि तिला उतरायची काही घाई नव्हती.

म्हणून आम्ही आणखी एक फेरी मारली.